उन्हाच्या मुलखात बिऱ्हाड

मुंबईहून किंवा पुण्याहून उत्तरेकडे निघालेली गाडी इटारसी सोडून नर्मदेचा पूल ओलांडते आणि बुधनीपासून विंध्याचा घाट चढू लागते. ज्याला २०२२ सालापर्यंत होशंगाबाद म्हणत आणि आता नर्मदापुरम् म्हणतात, ते शहर मागे पडते. बरखेड्यापर्यंत दोन्ही अंगांना सागाचे रान लागते. पावसाळ्यात हिरवेगार आणि मे महिन्यात इतके निष्पर्ण की त्यातून पलीकडचे खडक स्पष्ट दिसावेत. घाट संपला की ओबेदुल्लागंज येते आणि त्यानंतर भोपाळच्या अलीकडे सुमारे बावीस-तेवीस किलोमीटरवर मंडीदीप. रायसेन जिल्ह्यातील या गावी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून औद्योगिक वसाहत उभी राहिली. पोलादाच्या विद्युत्-भट्ट्यांना लागणारे ग्रॅफाइटचे दांडे, औषधे, ट्रॅक्टर, सूत अशा नानाविध वस्तू येथे तयार होतात, आणि त्या तयार करण्यासाठी देशाच्या सर्व भागांतून माणसे येतात. त्यांत हाती बदलीचा किंवा नेमणुकीचा कागद घेऊन आलेली मराठी माणसेही आहेत.

बिऱ्हाड हलविण्याचा मुहूर्त मात्र बहुधा चुकीचा असतो. मुलांच्या परीक्षा आटोपल्या, शाळेचा दाखला मिळाला, की सामान बांधले जाते. म्हणजे एप्रिल, मे अथवा जूनचा पहिला पंधरवडा. नेमके हेच दिवस या मुलखात नव्या माणसाने येऊ नये असे असतात. मराठ्यांच्या फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडत. पहिल्या बाजीराव पेशव्याने भोपाळजवळ निजामाला कोंडले ते १७३७ च्या डिसेंबरात, आणि दोराह्याचा तह झाला तो पुढच्या जानेवारीत. त्या काळच्या मोहिमांचे वेळापत्रक ऋतूकडे पाहून आखलेले असे. कारखान्याच्या कचेरीतून निघणारे हुकूम ऋतू पाहून निघत नाहीत. ज्याला निवड करता येत असेल त्याने दिवाळीनंतर यावे. ज्याला करता येत नसेल, आणि असेच बहुसंख्य असतात, त्याला पुढील गोष्टी ठाऊक असणे अगत्याचे आहे.

प्रथम हे पाहिले पाहिजे की नवागत येतो कोठून. नागपूर-चंद्रपूरच्या माणसाला भोपाळच्या उन्हाळ्याचे भय घालणे हास्यास्पद होईल. तो याहून कडक ऊन पाहून आलेला असतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, आणि तिच्या पाठोपाठ सचिवालयातील कितीतरी मराठी कुटुंबे आपला संसार घेऊन गेली. त्यांना तेथील उन्हाळा सौम्यच वाटला असेल. वाळ्याचे पडदे, माठ, दुपारी बंद ठेवायच्या खिडक्या ही त्यांची घरचीच विद्या होती. अडचण येते ती मुंबई, रत्नागिरी, पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिक या बाजूच्या माणसाला. त्यातही पुणेकराला थोडी कमी आणि कोकणातल्या माणसाला सर्वांत जास्त, आणि याचे कारण केवळ तापमापकाच्या आकड्यात नाही.

आकडा तर सांगितलाच पाहिजे. मुंबईचे मे महिन्यातील कमाल तापमान सरासरीने ३३ अंश सेल्सिअसच्या घरात असते. पुण्याचे एप्रिल-मे महिन्यांतील ३७-३८. भोपाळचे मे महिन्यातील ४० ते ४१, आणि कडक वर्षी ते ४४-४५ पर्यंत सहज चढते. २०१६ च्या मे महिन्यात ते ४६ च्याही पुढे गेले होते. भोपाळ समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीवर आहे, म्हणजे जवळजवळ पुण्याइतकेच. मग हा फरक का? मंडीदीप कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य तेथे मध्यान्ही अगदी डोक्यावर येतो, उत्तरेला थोडा सरकतो, आणि जुलैच्या आरंभी परतताना पुन्हा डोक्यावर येतो. पण जुलैत ढग असतात. मे महिन्यात आणि जूनच्या पूर्वार्धात नसतात. समुद्र शेकडो किलोमीटर दूर, त्यामुळे मुंबईला दुपारी मिळणारा खारा वारा येथे नाही. त्याऐवजी पश्चिमेकडून तापलेल्या जमिनीवरून वाहत येणारा कोरडा वारा मिळतो. हिंदीत त्याला ‘लू’ म्हणतात. मराठीत ‘झळा’ हा शब्द जवळचा आहे, पण झळ ही भट्टीची, चुलीची, क्षणभराची. लू सकाळी दहा-अकरापासून सूर्यास्तापर्यंत वाहते.

या ओसाड धगीविषयी त्या भागात एक जुनी कथा आहे. मंडीदीप हे नाव ‘द्वीप’ शब्दावरून आले, असे सांगतात. अकराव्या शतकात धारच्या परमार राजा भोजाने भोजपूरजवळ बेतवा आणि तिला मिळणारे प्रवाह बांध घालून अडविले आणि एक विस्तीर्ण सरोवर निर्माण केले. त्याच्या पाण्यात उभे राहिलेले एक बेट म्हणजे आजचे मंडीदीप. पंधराव्या शतकात माळव्याचा सुलतान होशंगशाह याने तो बांध फोडला. फोडायला सैन्याला तीन महिने लागले, सरोवर रिकामे व्हायला तीन वर्षे आणि तळाची जमीन वस्तीयोग्य व्हायला तीस, अशी लोककथा आहे. एकोणिसाव्या शतकात किंकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या अवशेषांचे वर्णन केले, आणि एवढे मोठे पाणी नाहीसे झाल्यामुळे माळव्याचे हवामानच पालटले, अशी समजूतही नोंदवून ठेवली. बांधाचे अवशेष भोजपूरच्या अपुऱ्या राहिलेल्या शिवमंदिराजवळ आजही पाहायला मिळतात. एका तळ्याने साऱ्या माळव्याचा उन्हाळा थंड राहत असे, ही अतिशयोक्तीच म्हटली पाहिजे. पण काठच्या गावांना त्याचा गारवा लागत असणार, यात संशय नाही. भोपाळच्या मोठ्या तलावाच्या काठी मे महिन्याच्या संध्याकाळी होणारी गर्दी त्याची साक्ष आहे. तात्पर्य, आज ते बेट कोरड्या जमिनीवर आहे आणि नव्या बिऱ्हाडाला तसेच धरून चालले पाहिजे.

आता मघाच्या मुद्द्याकडे वळता येईल. कोकणातल्या माणसाला या उन्हाचा अधिक धोका का? दमट हवेत घाम सुकत नाही. तो अंगावरून ओघळतो, सदरा भिजतो, माणूस कासावीस होतो आणि आपोआप पाणी पितो. मंडीदीपच्या मे महिन्यात दुपारची सापेक्ष आर्द्रता पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत उतरते. तेथे घाम येतो आणि येताक्षणीच उडून जातो. कातडी कोरडी, सदरा कोरडा, कॉलरवर सुकलेल्या मिठाची पांढरी रेघ तेवढी दिसते. नव्या माणसाला वाटते, येथे उकडत नाही, घामही येत नाही. मुंबईपेक्षा हे बरे! वस्तुतः त्याच्या शरीरातून तासाला लिटरभर पाणी जात असू शकते. तहान ही या बाबतीत विश्वासू चाकर नव्हे, ती नेहमी उशिरा येते. म्हणून घामाकडे पाहू नये, लघवीकडे पाहावे: ती गडद पिवळी आणि थोडी होऊ लागली की पाणी कमी पडते आहे. ओठ फुटणे, डोळे चुरचुरणे, मुलांचा घोळणा फुटणे हीही कोरड्या हवेचीच लक्षणे होत.

घाम उडून जाणे हेच शरीराचे खरे संरक्षण आहे. एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीरातून निघून जाते. कातडीचे तापमान सुमारे ३५ अंश असते. हवा त्याहून थंड असेल तोवर वारा माणसाला निववितो. हवा ४० च्या वर गेली की तोच वारा उलट माणसाला तापवू लागतो, आणि सारा भार एकट्या घामावर पडतो. यासाठीच अशा वेळी नुसता पंखा लावून बसू नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. अंग ओले करून पंख्याखाली बसणे निराळे; ते घामाचेच काम पाण्याने करून घेणे होय. त्या भागातील शेतकरी डोक्याला आणि मानेला गमछा गुंडाळून मगच उन्हात उतरतो. पुण्याच्या तरुणींना ही गोष्ट शिकवावी लागत नाही. दुचाकीवर तोंडाला स्कार्फ गुंडाळण्याची त्यांची जी सवय इतरांना विनोदाचा विषय वाटते, ती मंडीदीपला शहाणपणाची ठरते.

परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट पहिल्या दोन आठवड्यांची आहे. उन्हाची सवय होते हे सारेच जाणतात. ती कशी होते हे थोड्यांना माहीत असते. उष्ण हवेत रोज थोडे श्रम करणाऱ्याच्या शरीरात काही दिवसांत बदल घडतात. रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो, अधिक सुटतो, आणि त्यातून जाणारे मीठ कमी होते. तेच काम करताना नाडी पूर्वीइतकी धावत नाही. हे व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. तोपर्यंत माणूस धडधाकट असला तरी त्या हवेत परकाच असतो. दक्षिण आफ्रिकेत विटवॉटर्सरँडच्या खोल सोन्याच्या खाणींत १९२० च्या दशकात उष्माघाताने मजूर दगावू लागले. नव्याने भरती झालेल्यांना धोका विशेष होता, हे तेथे ध्यानी आले. आणि पुढच्या दशकात नवख्यांना हळूहळू काम वाढवीत उष्णतेची सवय लावण्याची पद्धत पडली. आज अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संशोधन संस्था असे सांगते की, उन्हात काम करणाऱ्या नव्या माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण पाळीच्या पंचमांशच काम उष्णतेत द्यावे आणि रोज पंचमांश वाढवीत न्यावे.

या नियमाचा मान ठेवणे वाटते तितके सोपे नाही. नव्या माणसाला पहिल्या आठवड्यातच आपली उमेद दाखवायची असते. मुकादमापुढे किंवा साहेबापुढे बसून राहणे त्याला कमीपणाचे वाटते. घरी सामान उतरवायचे, गॅसची जोडणी, मुलांची शाळा, रेशनकार्ड यांसाठी दुपारची वणवण असते. जो धोका दुसऱ्या महिन्यात क्षुल्लक असेल तो पहिल्या आठवड्यात जीवघेणा ठरू शकतो. हाताखाली नवी माणसे येणाऱ्या पर्यवेक्षकाने ही गोष्ट नव्या माणसाहूनही अधिक ध्यानात ठेवली पाहिजे. सावलीत बसण्याची परवानगी मागण्याची वेळ त्याच्यावर आणू नये. अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उन्हाळ्यात थंड पिण्याचे पाणी पुरविण्याचे बंधन १९४८ च्या कारखाना कायद्यानेच घातले होते. पाणी जवळ असणे मात्र पुरेसे नाही. ते पिण्यासाठी यंत्रापासून दूर जाण्याची मोकळीक हवी.

मिळविलेली सवय टिकाऊही नसते. तीन-चार आठवडे गावी घालवून परत आलेल्या माणसाची ती बरीचशी गेलेली असते, आणि दिवसभर वातानुकूलित खोलीत बसणाऱ्याला ती मुळात लागतच नाही. असा माणूस दहा वर्षे मंडीदीपला राहिला तरी उन्हापुरता नवखाच. आणि सवय म्हणजे अभयदानही नव्हे. माळव्यात वीस वर्षे घोडा दौडविलेला बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीच्या छावणीत ज्वराने गेला; तो उष्माघातच असावा, असा तर्क काही अभ्यासकांनी केला आहे.

मे महिन्याच्या शेवटी येथे एक शब्द नव्या माणसाच्या कानावर वारंवार पडेल: ‘नवतपा’. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला, म्हणजे साधारण २५ मेपासून, पुढचे नऊ दिवस सर्वांत तापदायक, असा लोकांचा ठाम समज आहे. मराठी शेतकऱ्याच्या मनात रोहिणी म्हटले की वळवाच्या सरी आणि पेरणीची लगबग येते. तीच रोहिणी येथे आग ओतते. इतकेच नव्हे, नवतपात पाऊस पडला तर लोक हळहळतात. नऊ दिवस चांगले तापले तर पुढे पाऊस चांगला, मध्येच भिजले तर पावसाळा उणा, असा हिशेब मांडला जातो. हवामानशास्त्र या हिशेबाची हमी देणार नाही, पण त्या दिवसांत दुपारी घराबाहेर न पडण्याचा लोकांचा परिपाठ नव्या माणसाने निमूट स्वीकारावा. बाजाराची कामे सकाळी दहाच्या आत किंवा दिवेलागणीनंतर करावीत. मृग लागताच पाऊस येईल ही अपेक्षाही सोडून द्यावी. मृग सरत येतो तेव्हा कोठे मोसमी वारे येथे पोहोचतात.

घर पाहताना भाडे आणि कारखान्याचे अंतर यांखेरीज आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, वर उघडी गच्ची आहे की दुसरा मजला. सबंध दिवस तापलेला स्लॅब ती उष्णता रात्री उशिरापर्यंत खोलीत सोडत राहतो. वरच्या मजल्याचे भाडे बहुधा कमी असते ते काही घरमालकाच्या औदार्याने नव्हे. तेथेच राहायचे झाल्यास उन्हाळ्यापूर्वी गच्चीला चुन्याचा पांढरा हात द्यावा. खर्च थोडा, गुण पुष्कळ. दुसरी, पश्चिमेची भिंत. निजायची खोली पश्चिमेला असेल तर तिसऱ्या प्रहरापासून ती भिंत हाताला चटका देते. तिच्यापुढे एखादे झाड, पत्र्याची पडवी किंवा निदान बांबूची चटई असावी. खिडक्यांच्या बाबतीत मुंबईची सवय अगदी उलटी करावी लागते. मुंबईत खिडकी उघडली की बरे वाटते. येथे सूर्य वर आला की खिडक्या, पडदे, दारे सर्व लावून घ्यायचे आणि रात्री सताड उघडायचे. मे महिन्यातही पहाटेचे तापमान २६ अंशांच्या आसपास उतरते. तो गारवा रात्री घरात भरून घ्यायचा आणि दिवसा जपायचा, हेच या भागातील घर सांभाळण्याचे मर्म आहे. मुंबईकर गृहिणीला पहिले काही दिवस या बंद अंधाराने गुदमरल्यासारखे होते. मग एके दुपारी ती चुकून खिडकी उघडते आणि पुन्हा तो प्रयोग करीत नाही.

एक अपवाद कूलरचा. कूलर हे यंत्र कोकणात कोणी पाहिलेले नसते, कारण तेथे त्याचा उपयोग नाही. पत्र्याच्या पेटीला तिन्ही बाजूंनी लाकडाच्या तुसाचे किंवा वाळ्याचे ताटे, त्यांवर सतत पाझरणारे पाणी आणि मध्ये मोठा पंखा. तापलेली हवा ओल्या ताट्यांतून आत ओढली जाते आणि पाण्याची वाफ करण्यात आपली उष्णता खर्च करून थंड होते. बाहेर ४२ अंश आणि आर्द्रता पंधरा टक्के असेल तर चांगल्या कूलरची हवा २७-२८ अंशांपर्यंत उतरू शकते, आणि विजेचा खर्च वातानुकूलन यंत्राच्या मानाने किरकोळ. मात्र कूलर खिडकीत, बाहेरची हवा घेईल असाच बसवावा, आणि आत आलेली हवा बाहेर जायला समोरची खिडकी किंवा दार थोडे किलकिले ठेवावे. बंद खोलीच्या मध्यभागी ठेवलेला कूलर अर्ध्या तासात खोलीची मुंबई करून टाकतो. जुलैत हवेतच ओल भरली की त्याचा उपयोग संपतो. तेव्हा तो बिघडला नाही हे समजून दुरुस्तीवाल्याला बोलावू नये.

कूलरचे दोन धोके आहेत आणि दोन्ही प्राणावर बेततात. पत्रा, पाणी आणि वीज एकत्र आल्याने अर्थिंग नीट नसेल तर पेटीला हात लागताच धक्का बसतो. दरवर्षी उन्हाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात, आणि त्यांत मुले असतात. म्हणून तीन खिळ्यांचा प्लग, तपासून घेतलेले अर्थिंग, आणि पाणी भरण्यापूर्वी बटण बंद करून प्लग काढणे, हा नियम घरात सर्वांना पाठ असावा. दुसरा धोका टाकीत साचलेल्या पाण्याचा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठ्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, आतून घासून, कोरडी करून मगच भरावी.

रात्रपाळीच्या कामगाराचा विचार फारच थोड्या घरांत होतो. सकाळी सहा-सात वाजता तो घरी येतो. जेव्हा त्याने झोपायचे तेव्हा घर तापू लागलेले असते. दुपारी दोनला घामाघूम होऊन उठतो, आणि पुन्हा रात्री भट्टीजवळ उभा राहतो. झोप अपुरी झालेल्या शरीराला उष्णता सोसवत नाही. चार-पाच दिवस असे गेले की थकवा, चिडचिड, डोके दुखणे सुरू होते, आणि यंत्रावर हात चुकण्याची वेळ येते. अशा घरात कूलर एकच असेल तर दिवसा तो या माणसाच्या खोलीत चालला पाहिजे, आणि ती खोली खालच्या मजल्यावरची, उत्तर किंवा पूर्वेची असावी. गच्चीवर रात्री झोपण्याचे सुख, जे त्या गावात निम्मे लोक अजून घेतात, ते त्याच्या नशिबी नसते. घरातली सर्वांत थंड खोली तरी त्याला द्यावी.

खाण्यापिण्याच्या बाबतीत नव्या माणसाला फारसे परके वाटणार नाही. आपले पन्हे ते तिकडचा ‘पना’. फक्त तेथे कैरी निखाऱ्यावर भाजून, जिरे-पुदिना घालून तो तिखटमीठ करतात आणि गूळ बेताचा घालतात. ताक, मठ्ठा, बेलफळाचे सरबत, सातूचे पीठ कालवून केलेले पेय हे सारे चांगले. नर्मदेच्या वाळूत पिकलेली खरबुजे आणि कलिंगडे भरपूर मिळतात. मात्र ‘कलिंगड’ म्हणून मागितल्यास दुकानदार गोंधळेल, ‘तरबूज’ म्हणावे. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, ही समजूत तेथेही आहे आणि विदर्भातही. जेवणात कच्चा कांदा जरूर खावा; खिशातला कांदा निरुपद्रवी आहे, पण त्याच्या भरवशावर भर दुपारी बाहेर पडणे निरुपद्रवी नाही. फार घाम गेल्यावर नुसते पाणी ढोसण्यापेक्षा लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे घ्यावे. रक्तदाबाच्या गोळ्या, विशेषतः लघवी वाढविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वडीलधाऱ्यांनी या ऋतूत मात्रा आणि मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारून घ्यावे. स्वतःच्या मनाने कमीजास्त करू नये.

एवढी काळजी घेऊनही एखाद्याला ऊन लागते. चक्कर, मळमळ, पायात गोळे, भरपूर घाम, ही पायरी सुधारण्यासारखी असते: सावलीत निजवावे, कपडे सैल करावेत, पाणी पाजावे. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, ओळख विसरला, झोकांड्या खाऊ लागला किंवा बेशुद्ध झाला, आणि अंग भाजत असेल, तर तो उष्माघात होय. त्याचे तापमान ४० च्या पुढे गेलेले असते आणि प्रत्येक मिनिटाला मोल असते. येथे दोन चुका सर्रास होतात. साधा ताप समजून तापाची गोळी दिली जाते, जिचा अशा वेळी काही उपयोग नाही. आणि शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतले जाते, जे श्वासनलिकेत जाऊ शकते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि ती येईपर्यंत हात जोडून बसू नये. कपडे काढून अंगावर मिळेल तितके पाणी ओतावे, ओली चादर घालून जोराचा वारा घालावा, बर्फ असल्यास काखेत, मानेला आणि जांघेत धरावा. अंग कोरडे तापलेले असले तरच उष्माघात, हा समज जुना झाला. श्रम करताना कोसळलेल्या माणसाचे अंग घामाने ओलेही असते. लहान मूल आणि बंद मोटार यांची गाठ तर एक क्षणही पडू देऊ नये. उन्हात उभ्या गाडीच्या आतील हवा काही मिनिटांतच असह्य होते.

जूनच्या अखेरीस पाऊस येतो आणि वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पडून जातो. पुणेकराला तो भरपूर वाटतो, कोकणातल्याला पोरका. काळ्या मातीच्या रस्त्यांवर चिखल होतो, बेतवा भरून वाहते, आणि ज्या खडकांनी मे महिन्यात डोळ्यांना त्रास दिला ते हिरवे होतात. रविवारची सवड काढून भीमबेटकाच्या शैलगृहांत जावे. मंडीदीपहून ते ठिकाण अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर आहे. नीमचला जन्मलेले डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर यांना १९५७ साली रेल्वेने जाताना ते खडक दिसले आणि तेथील प्राचीन चित्रांचा शोध लागला. २००३ पासून ते जागतिक वारसास्थान आहे. तेथल्या खोल सावलीत उभे राहिले की हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाने बिऱ्हाडासाठी जागा कशी पारखली होती, ते ध्यानात येते: वर जाड दगड, पुढे झाडी, जवळ पाणी.

आणि उन्हाळ्याचीच धास्ती घेऊन आलेली कुटुंबे डिसेंबरात फसतात. मुंबईकराच्या ट्रंकेत स्वेटर नसतो. येथे जानेवारीत पहाटे तापमान सरासरीने दहा-अकरा अंशांवर येते, आणि उत्तरेकडून थंडीची लाट आली की चार-पाचपर्यंत घसरते. पहिल्या पाळीला सकाळी सहापूर्वी दुचाकीने निघणाऱ्याला हातमोज्यांवाचून गत्यंतर नसते. तेव्हा एप्रिलात सामान बांधताना जुन्या रजया ओझे म्हणून शेजाऱ्यांना देऊन टाकू नयेत.